चार लाख रुपये, पाच हस्तलिखितं आणि दुसरी आवृत्ती

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक होत असेल तर ती इथेच दिसेल. तुम्ही लातूरला कॉलेजात शिकवता. चार लाख रुपये बाजूला टाकलेले आहेत. मित्रमंडळींची पाच हस्तलिखितं तयार आहेत: तीन कवितासंग्रह, एक कादंबरी, एक आठवणींचं पुस्तक. त्यासाठी छोटं, स्वतंत्र प्रकाशन काढायचं आहे. वर्षाला किती पुस्तकं काढावीत, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, कसा मिळतो आणि अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ प्रकाशनासारखं काही आज उभं राहील का, हे तुम्ही विचारलंत. जाता जाता, नाव काय ठेवावं हेही.

मी कोल्हापुरात गेली एकवीस वर्षं हा उद्योग करते आहे. त्याआधी बारा वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आजवर ४३ पुस्तकं काढली. त्यातली १९ आज कुणी मागितली तर देता येतात. बाकीची संपली, आणि ती पुन्हा छापायला माझी हिंमत झाली नाही किंवा कुणी मागितली नाहीत. हा १९चा आकडा मी ४३पेक्षा जास्त महत्त्वाचा मानते. का, ते पुढे येईलच.

आयएसबीएनचं दोन ओळींत उरकते. तो शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते. अर्ज ऑनलाइन करायचा आणि त्याला पैसे पडत नाहीत. कुणी त्यासाठी हजार-दोन हजार मागत असेल, तर तो स्वतःच्या धावपळीचे मागतोय एवढं ओळखा.

आता मुख्य गोष्ट. वर्षाला किती पुस्तकं, हा प्रश्न तुम्ही पाच हस्तलिखितांकडे बघून विचारलाय. हस्तलिखितं तयार आहेत, पैसे आहेत, तेव्हा छापून टाकू. पाच पुस्तकं चार लाखांत छापून होतीलही. समारंभ होईल, फोटो येतील, आणि दीड वर्षाने तुमच्या दिवाणाखाली तेराशे प्रती असतील. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. पाच वर्षांनी नांदेडहून एखादी मुलगी फोन करून एक पुस्तक मागेल. ते यादीतलं कुठलं असेल, आणि त्या दिवशी ते तुमच्याकडे असेल का? प्रकाशनाचा कार्यक्रम त्या मुलीकडून मागे मोजत यायचा असतो.

‘प्रास’चं नाव तुम्ही काढलंत, तर तिथूनच बघू. त्या नावाभोवती आता बरंच धुकं जमलंय. शहाण्यांचं हे प्रकाशन अनियतकालिकांच्या, म्हणजे ठरावीक मुदत न पाळता निघणाऱ्या छोट्या नियतकालिकांच्या, चळवळीतून आलं. १९५५च्या सुमारास ‘शब्द’ निघालं, ते चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल केलेलं. शहाण्यांचं ‘असो’ १९६३ सालचं. औरंगाबादहून भालचंद्र नेमाड्यांचं ‘वाचा’ १९६८च्या आसपास. या मंडळींकडे छापखाना नव्हता, पैसा नव्हता आणि प्रस्थापित मासिकांची मर्जीही नव्हती. १९७७ साली ‘प्रास’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हे पुस्तक काढलं. त्याच्या एक वर्ष आधी मुंबईतच कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या चौघांनी ‘क्लिअरिंग हाउस’ नावाने इंग्रजी कवितेचं प्रकाशन काढलं होतं. १९७६ साली चौघांची चार पुस्तकं आली. त्यातलं एक ‘जेजुरी’. पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं मात्र कुणी हिशेबात धरत नाही. कोलटकरांचं त्यानंतरचं मराठी पुस्तक आलं ते २००३ साली, म्हणजे २६ वर्षांनी. त्या वर्षी ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’, आणि २००४मध्ये इंग्रजीतली ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्प सत्र’. कवी तोवर आजारी होता. सप्टेंबर २००४मध्ये तो गेला. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी २००५ साली, मरणोत्तर मिळाली. मधल्या २६ वर्षांत कवी लिहीत होता, बदलत होता, छापायला देत नव्हता. कुठलाही धंदेवाईक प्रकाशक एवढ्यात दुसऱ्या कवीकडे वळला असता, आणि त्यात त्याची चूकही नसती. ‘प्रास’ने वाट पाहिली.

वाट पाहणं परवडलं कसं? माझं उत्तर रुक्ष आहे: त्यावर कुणाचं घर चालत नव्हतं. ‘क्लिअरिंग हाउस’चंही तेच. गीव्ह पटेल डॉक्टर, मेहरोत्रा अलाहाबाद विद्यापीठात शिकवणारे, कोलटकर जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले कलादिग्दर्शक. मुखपृष्ठ, मांडणी, अक्षराचं वळण यांसाठी बाहेर पैसे मोजायची त्यांना गरज नव्हती. त्या कामातला अव्वल माणूस घरचाच होता. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे, पण एका अटीवर: नोकरी सोडू नका. कॉलेजचा पगार हाच तुमच्या प्रकाशनाचा सर्वांत मोठा देणगीदार आहे. आणि पुस्तकाच्या निर्मितीतलं कुठलं तरी एक काम, मुद्रितशोधन म्हणा, मांडणी म्हणा, स्वतः इतकं चांगलं शिका की ते बाहेरून घ्यावं लागणार नाही.

आता हिशेब. आकडे कागदाच्या भावाने आणि गावागणिक बदलतात. माझ्या गेल्या काही पुस्तकांवरून एक ढोबळ उदाहरण धरते. डेमी आकार, १६० पानं, म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म (एकत्र छापून दुमडलेले जुडगे). आवृत्ती ५०० प्रतींची. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीला ८५ रुपये, म्हणजे ४२,५०० रुपये. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठकाराचं मानधन मिळून २५,०००. एकूण ६७,५००. किंमत ठेवली २५० रुपये. लेखकाच्या प्रती, अभिप्रायासाठीच्या प्रती, कायद्याने पाठवायच्या प्रती आणि ‘अहो, एक द्या ना’ म्हणणारे नातेवाईक धरून साठ प्रती फुकट गेल्या. विकायला उरल्या ४४०.

सगळ्या वितरकामार्फत ४५ टक्के कमिशनवर गेल्या, तर प्रतीला १३७ रुपये ५० पैसे हातात येतात. ४४० प्रतींचे ६०,५००. लेखकाची १० टक्के रॉयल्टी ११,००० वजा केली की ४९,५००. म्हणजे एकूण एक प्रत विकली जाऊनही तुम्ही १८,००० रुपयांनी खड्ड्यात. पुन्हा वाचा, कारण पहिल्यांदा हे मलाही खरं वाटलं नव्हतं: शेवटची प्रत संपली तरी तोटा.

त्याच ४४० प्रती तुम्ही स्वतः वाचकांना २० टक्के सवलतीने, २०० रुपयांना विकल्यात आणि टपाल वेगळं घेतलंत, तर ८८,००० येतात. रॉयल्टी जाऊन ७७,०००. नफा ९,५००. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे गेल्या तर सव्वाचार हजारांचा तोटा. बहुतेक छोट्या प्रकाशकांचं वास्तव या तिसऱ्या ओळीच्या आसपास असतं. किंमत ३५० ठेवली तर हे चित्र सुधारतं, हे खरं. पण १६० पानांच्या कवितासंग्रहाला लातूरच्या बाजारात ३५० रुपये कोण देतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

दुसऱ्या आवृत्तीला मात्र सगळं पालटतं. ते २५,००० परत लागत नाहीत. डिजिटलवर ३०० प्रती काढल्या आणि प्रतीला १०० रुपये पडले, तरी थेट विक्रीत रॉयल्टी देऊन प्रतीमागे ७५ रुपये उरतात. म्हणजे २२,५००. पहिल्या आवृत्तीने केलेलं नुकसान दुसरी भरून काढते आणि तिसरी पुढच्या नव्या लेखकाचं पुस्तक छापते. माझ्या १९ पुस्तकांपैकी सहा अशी आहेत. बाकीचा संसार त्या सहांवर चालतो. त्यातलं एक शेळीपालनावरचं आहे. साहित्यिक मित्रांसमोर मी त्याचं नाव सहसा काढत नाही, पण दोन कवितासंग्रह त्या शेळ्यांच्या दुधावर वाढलेत.

पाचशे प्रतींवरून आठवलं. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं, तेव्हा ५०० प्रती काढल्या होत्या, किंमत नऊ आणे. पुढे ते पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं आणि आज त्याच्याशिवाय अभ्यासक्रम होत नाहीत. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती तेव्हाही पाचशेची होती आणि आज आपण हिशेब मांडतोय तोही पाचशेचाच, यावर हसावं की रडावं कळत नाही. पण संपलेलं पुस्तक ९० वर्षं संपलेलंच राहू शकतं, एवढं त्यातून कळतं. जुनी, हक्क संपलेली पुस्तकं नीट टिपांसह पुन्हा काढणं हा छोट्या प्रकाशकाला झेपणारा फार चांगला कार्यक्रम आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी हक्क संपतात. मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या वाचनालयाच्या कपाटात तुमचं सहावं पुस्तक पडलेलं असू शकतं. तुमच्या पाच हस्तलिखितांपेक्षा त्याला कदाचित दुसरी आवृत्ती लवकर मिळेल.

वाट पाहणं हा एकच रस्ता आहे असं मात्र नाही. इतिहासात आणखी दोन दिसतात, आणि तुमचा स्वभाव कुठल्या रस्त्याचा आहे यावर बरंच अवलंबून राहील. एक रस्ता ‘मौज’ प्रकाशनाचा. मुंबईत गिरगावात खटाववाडीत स्वतःचा छापखाना, हाताशी ‘सत्यकथा’सारखं मासिक. नवा लेखक आधी मासिकात यायचा, संपादकाच्या हाताखालून जायचा, वाचकांना नाव ओळखीचं व्हायचं, मग पुस्तक. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झालं. तिच्या संपादकीय चाळणीवर चिडून तरुण लेखकांनी तिच्या अंकाची होळीही केली होती. पण पुस्तकाआधी लेखकाला वाचक मिळवून देणारी जागा असावी, ही युक्ती वाया जाण्यासारखी नाही. आज छापखाना नको, मासिकही नको. वर्षातून एक दिवाळी अंक किंवा महिन्याला एक लेखकाचं वाचन एवढंही पुरतं. माझ्याकडे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पंधरा-वीस माणसं गच्चीवर जमतात. माझी किमान आठ पुस्तकं त्या गच्चीवर आधी ऐकली गेली आणि मग छापली गेली.

दुसरा रस्ता ‘ग्रंथाली’चा. १९७०च्या दशकाच्या मध्यात दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ती वाचक चळवळ म्हणून सुरू केली. आधी वाचकाला सभासद करायचं, मग पुस्तक कमी किमतीत त्याच्यापर्यंत पोचवायचं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली त्यांनी काढलं, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८०मध्ये. दुकानाच्या फळीवर जी पुस्तकं कदाचित आलीच नसती, ती घराघरांत गेली, कारण वाचक आधीच बांधलेला होता. ही कल्पनाही नवी नव्हती. श्री. व्यं. केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी मर्यादित कंपनी काढून भाग विकले, वर्गणीदार मिळवत गावोगाव फिरले आणि २३ खंड पुरे केले. पुस्तक येण्याआधी पैसे देणारा वाचक मराठीत शंभर वर्षांपासून आहे. त्याला विचारावं लागतं, एवढंच. आम्ही प्रत्येक पुस्तकाला प्रकाशनपूर्व सवलत ठेवतो. दीडशे नोंदण्या होईपर्यंत पुस्तक छापायला जात नाही. एकदा एका चांगल्या कादंबरीला ६२ नोंदण्या झाल्या. लेखकाला बोलावून आकडा दाखवला. तो उठून गेला, दुसरीकडे छापली. आमचं बोलणं अजून सुरू आहे, तेवढं पुरे.

आता तुमच्या पाच हस्तलिखितांकडे येते. पाचही मित्रांची आहेत, ही मला सर्वांत धोक्याची गोष्ट वाटते. मित्राचं पुस्तक नाकारणं अवघड, आणि नाकारल्याशिवाय यादी होत नाही. कवितासंग्रह तीन आहेत. त्यातला एक निवडा. कोणता, हे तुम्ही ठरवू नका. तीन अशा माणसांना द्या ज्यांना लेखकाचं नाव माहीत नाही, आणि नाव काढून द्या. आठवणींचं पुस्तक कशाच्या आठवणींचं आहे, ते तुम्ही लिहिलं नाही. शाळेतल्या, नोकरीतल्या सर्वसाधारण आठवणी असतील तर लेखकाच्या नातेवाइकांपुढे ते जात नाही. पण त्यात किल्लारीच्या १९९३च्या भूकंपातलं किंवा १९७२च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामावरचं प्रत्यक्ष पाहिलेलं काही असेल, तर ते पुस्तक आधी घ्या. भाषा ओबडधोबड असली तर संपादनावर तीन महिने घाला. ती माहिती दुसरीकडे मिळणार नाही, आणि जे दुसरीकडे मिळत नाही त्याला दुसरी आवृत्ती मिळते. कादंबरीबद्दल न वाचता काही बोलणार नाही.

म्हणजे पहिल्या वर्षी दोन पुस्तकं. तिसरं दुसऱ्या वर्षी, आणि तेही पहिल्या दोनपैकी एकाच्या तरी तीनशे प्रती गेल्यावर. चार लाखांतले दीड लाख बाजूलाच राहू द्या. ते दुसऱ्या आवृत्तीचे पैसे आहेत. पुस्तक संपतं तेव्हा नेमके हातात पैसे नसतात, वर्षभर ‘लवकरच उपलब्ध’ असं सांगावं लागतं आणि मागणी विरून जाते. हे माझ्या दोन पुस्तकांचं झालंय.

लेखकाकडून पैसे घ्यावेत का, हे तुम्ही विचारलं नाही, पण कवितासंग्रह म्हटल्यावर विचारणार. कोलकात्यात पी. लाल यांनी १९५८ साली ‘रायटर्स वर्कशॉप’ सुरू केलं. साडीच्या हातमागाच्या कापडात बांधलेली ती पुस्तकं बघण्यासारखी असत. त्यांची पद्धत अशी की लेखकाने शंभर प्रती विकत घ्यायच्या. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. मला ती पद्धत अर्धी मान्य आहे. लेखकाने ठरलेल्या सवलतीत अमुक प्रती घ्यायच्या, हे करारात उघड लिहिलेलं असेल तर तो व्यवहार आहे. लेखकाकडून पूर्ण खर्च घ्यायचा, वर ‘निवड समितीने निवडलं’ म्हणायचं आणि तीनशे सांगून शंभरच प्रती छापायच्या, हे जे चालतं त्याला वेगळं नाव आहे. नवोदितांसाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पहिलं पुस्तक असलेल्या कवीला आधी तिकडे अर्ज करायला सांगा.

करार मित्राशीही लेखी करा. मित्राशी तर करायलाच हवा. आपल्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय आहे की हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलं नाही, तर पाच वर्षं धरली जातात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही, तर भारत धरला जातो. आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसेल तेव्हा ते लेखकाकडे परत जातात. शेवटचं कलम तुमच्यासारख्या सावकाश काम करणाऱ्याला अडचणीत आणू शकतं. तेव्हा मुदत दोन वर्षांची लिहून घ्या. उलट बाजूने लेखकाचाही विचार करा. पुस्तक संपलं आणि लेखकाने मागितल्यावर वर्षभरात पुन्हा छापलं नाही, तर हक्क त्याच्याकडे परत, असं कलम मी स्वतःहून घालते. त्यामुळे माझे चार लेखक मोठ्या प्रकाशकांकडे गेले. त्यातल्या दोघांनी पुढची पुस्तकं पुन्हा मला दिली.

निर्मितीबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तिथे मी पोळले आहे. आमच्या दुसऱ्या पुस्तकाची बांधणी मी स्वस्तात करून घेतली. शिलाई नाही, नुसता सरस. मार्चमध्ये पुस्तक आलं, मेमध्ये अकोल्याहून एका वाचनालयाने ते परत पाठवलं. पाठ उकलली होती आणि सुटी पानं रबराने बांधली होती. मग अशा ३८ प्रती परत आल्या. बांधणीवाल्याने उन्हाळ्याला दोष दिला. तेव्हापासून १२० पानांवरचं प्रत्येक पुस्तक मी फॉर्म शिवून घेते. प्रतीला काही रुपये जास्त जातात, पण वाचनालयात पन्नास हातांतून गेलेलं पुस्तक पन्नासाव्या हातातही पुस्तक राहतं. गठ्ठे जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. पावसाळ्यात सादळलेला कागद पुन्हा सरळ होत नाही, आणि कसर व वाळवी कवितेतला बरावाईटपणा बघत नाहीत.

विक्रीचं शेवटी, कारण सगळे तिथे सुरुवात करतात आणि हताश होतात. वितरक घ्या, पण तीस-चाळीस प्रतींपुरता, म्हणजे पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, कुणी नाव घेतलं तर पुस्तक निघावं एवढ्यासाठी. माझ्या पहिल्या वितरकाने दोनशे प्रती नेल्या, दोन वर्षांनी चाळीसचे पैसे दिले आणि उरलेल्या उन्हात विटलेल्या मुखपृष्ठांसह परत केल्या. संमेलनातल्या ग्रंथप्रदर्शनात स्वतःचा गाळा पहिली तीन वर्षं घेऊ नका. ओळखीच्या प्रकाशकाच्या टेबलाचा एक कोपरा मागा, पण तिथे स्वतः उभे राहा. वाचनालयं हा आपल्याकडचा मोठा आधार आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानित वाचनालयं गावोगाव आहेत, आणि अ वर्गाच्या वाचनालयाला दरवर्षी पुस्तकं घ्यावीच लागतात. शासनाच्या निवड यादीसाठी पुस्तक पाठवा, पण त्यावर छपाईचा आकडा ठरवू नका. मी एकदा ठरवला. यादीत नाव आलं नाही आणि हजार प्रतींची आवृत्ती संपायला अकरा वर्षं लागली.

उरतं टपाल. नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं, तेव्हा आमच्यासारख्यांचं धाबं दणाणलं होतं. मे २०२५पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकात जाहिराती नकोत आणि मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं. वरच्या उदाहरणातलं १६० पानी पुस्तक साधारण दोनशे ग्रॅम भरतं, म्हणजे पहिल्याच टप्प्यात बसतं. पानांची संख्या ठरवताना मी आता हा टप्पाही बघते. याला साहित्याशी बेइमानी म्हणणारे भेटतील; त्यांनी कधी पार्सलं बांधलेली नसतात.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण कागदावर आणि छपाईवर तुम्ही भरलेला परत मिळत नाही. तो खर्चात धरून चाला. रॉयल्टीवरच्या कराचं सीएला विचारा, माझ्यावर विसंबू नका. आणि पुस्तक आल्यापासून तीस दिवसांत १९५४च्या कायद्याप्रमाणे एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, चेन्नईच्या कॉनेमरा ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला स्वखर्चाने पाठवा. फार थोडे छोटे प्रकाशक हे पाळतात. तुमचं प्रकाशन बंद पडलं, दिवाणाखाली पाणी शिरलं, तरी चार शहरांत एकेक प्रत असेल. मालशांसारखा कुणी ती कधी शोधायला आला, तर त्याला ती सापडावी.

राहिलं नाव. अर्थ, नाद वगैरे तुम्ही बघालच. ते कुणी आधी घेतलंय का तेवढं तपासा, आणि लहान ठेवा. पुस्तकाच्या पाठीवर खालच्या बाजूला प्रकाशनाचं नाव आडवं छापतात, आणि १६० पानांच्या पुस्तकाची पाठ जेमतेम एका बोटाएवढी असते. आमचं नाव नऊ अक्षरी आहे. एकवीस वर्षांत ते फक्त शेळीपालनाच्या पाठीवर नीट बसलंय.